"तुझा हिस्सा घे आणि मोकळा हो": कमी हिश्शाच्या मालकाकडे कायद्याचे कोणते मार्ग असतात?



भागीदारी सुरू करताना काय लिहून घ्यायचं यावर आपण बऱ्याचदा बोलतो. आज त्याची दुसरी बाजू बघू. धंदा सुरू होऊन सहा-सात वर्षं झालीत, माल चांगला चालतोय, आणि एक दिवस मोठा हिस्सा असलेला भागीदार म्हणतो, "तुझे वीस टक्के आम्ही घेतो. चार लाख घे आणि मोकळा हो." तुम्हाला माहीत असतं की चार लाखांत तुमच्या वाट्याची मशीनसुद्धा येत नाही. तुम्ही नाही म्हणता. पुढच्या महिन्यात तुमचा पगार थांबतो, सहीचा अधिकार जातो, टॅलीचा पासवर्ड बदलतो. हिस्सा तुमचाच, पण त्यातून घरात रुपया येत नाही. आणि बँकेच्या कर्जाला तुमच्या घराची हमी अजून तशीच आहे.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, "सर, केस टाकू का?" केसचं नंतर बघू. आधी एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे.

"माझा हिस्सा योग्य भावाने विकत घ्या" अशी सरळ मागणी करण्याचा हक्क आपल्या कायद्याने कमी हिश्शाच्या मालकाला दिलेला नाही. आणि साध्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत "तू विकलंच पाहिजेस" असं सांगण्याचा हक्क बहुमतवाल्यांनाही सहसा नसतो. अपवाद आहेत. तुमच्या कंपनीच्या नियमावलीत किंवा करारात तसं लिहिलेलं असेल, एखाद्याकडे नव्वद टक्के किंवा जास्त शेअर जमा झाले असतील (कंपनी कायदा २०१३, कलम २३६), किंवा न्यायाधिकरणाच्या मंजुरीने भांडवल कमी करण्याचा घाट घातला असेल, तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या-माझ्यासारख्यांच्या तीन-चार जणांच्या कंपनीत बहुतेक वेळा दोन्ही बाजू अडकलेल्या असतात. म्हणून समोरचा कायद्याने नाही, दबावाने विकायला लावतो. तुमच्या हातात काय असतं? तो दबाव बेकायदा कुठे होतो ते ओळखणं, आणि आपल्याकडची दाबायची बटणं माहीत असणं. ही बटणं धंदा कुठल्या प्रकारात नोंदला आहे त्यावर ठरतात.

साधी भागीदारी असेल तर

आश्चर्य वाटेल, पण छोट्या भागीदाराच्या हातात सगळ्यात जास्त ताकद इथे असते. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या कलम ३३ प्रमाणे डीडमध्ये तसा अधिकार दिलेला नसेल तर बहुमताने भागीदाराला काढता येत नाही. अधिकार दिलेला असला तरी तो प्रामाणिक हेतूनेच वापरावा लागतो. हिशोबाची पुस्तकं बघण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे, मग हिस्सा पाच टक्के असो की पन्नास.

मोठं बटण कलम ४३ मध्ये आहे. भागीदारी किती काळ चालेल किंवा कशी संपेल याबद्दल डीडमध्ये काहीच ठरवलेलं नसेल, तर ती "इच्छेनुसार चालणारी" भागीदारी धरली जाते. तिथे एक भागीदार बाकी सगळ्यांना लेखी नोटीस देऊन फर्मच विसर्जित करू शकतो. म्हणजे चार लाखांची ऑफर देणाऱ्याला अचानक कळतं की नुसता तुमचा हिस्सा नाही, सगळ्या फर्मचा हिशोब मांडावा लागणार: आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी दिलेली उचल, मग भांडवल, आणि उरेल ते हिश्शाप्रमाणे. चालू धंदा मोडायला कोणालाच नको असतो, त्यामुळे या नोटिशीनंतर भावाची बोलणी एकदम वेगळ्या सुरात सुरू होतात. पण धमकी म्हणून उगाच पाठवू नका. नोटीस गेली की फर्म त्यात लिहिलेल्या तारखेला, तारीख नसेल तर नोटीस पोचल्याच्या दिवशी, खरोखर विसर्जित होते.

तुम्ही निवृत्त झालात, हिशोब मिटला नाही आणि बाकीचे तुमचं भांडवल वापरून धंदा करतायत, असंही होतं. तिथे कलम ३७ बघा. हिशोब मिटेपर्यंत तुमच्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा किंवा त्या रकमेवर वर्षाला सहा टक्के व्याज, यातलं एक तुम्ही मागू शकता. निवड तुमची. धंदा जोरात असेल तर नफ्याचा वाटा मागा, मंदीत असेल तर व्याज. वेगळा करार झाला असेल तर अर्थात तो आधी बघितला जातो.

"पण आमची फर्म रजिस्टरच नाही" असं बरेच जण म्हणतात. नोंद नसलेल्या फर्मच्या भागीदाराला इतर भागीदारांवर करारातल्या हक्कांसाठी दावा करता येत नाही, हे खरं (कलम ६९). पण विसर्जनाचा आणि विसर्जित फर्मच्या हिशोबाचा दावा त्यातून वगळलेला आहे. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने हा दरवाजाही बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे "महाराष्ट्रात अनरजिस्टर्ड फर्मला हिशोबाचा दावाच करता येत नाही" असं कोणी अजून सांगत असेल, तर ते जुन्या पुस्तकातलं आहे. मुदत मात्र विसरू नका: हिशोबाच्या दाव्याला विसर्जनापासून तीन वर्षं.

एलएलपीमध्ये एक छुपा खड्डा

एलएलपीबद्दल थोडक्यात. करारात काही लिहिलेलं नसेल तर तुम्ही तीस दिवसांची नोटीस देऊन बाहेर पडू शकता, आणि करारात स्पष्ट अधिकार नसेल तर बहुमताने तुम्हाला काढताही येत नाही. पण बाहेर पडल्यावर मिळतं काय? कायद्यातलं सूत्र आहे: तुम्ही प्रत्यक्ष घातलेलं भांडवल, अधिक साठलेल्या नफ्यातला वाटा, वजा तोटा. बाजारातलं नाव, ग्राहक, ब्रँड यांची किंमत या सूत्रात कुठेच नाही. पाच लाख घालून उभा केलेला ब्रँड आज पन्नास लाखांचा झाला असेल, तर करारात बाहेर पडतानाचं मूल्यांकन लिहिलेलं नसणं तुम्हाला फार महाग पडतं. ज्यांची एलएलपी आहे त्यांनी आज रात्रीच करार काढून वाचा.

प्रायव्हेट लिमिटेड: खरी लढाई इथे

इथे आकड्यांनी समजून घेऊ. समजा कंपनीचे एक लाख शेअर आहेत, दर्शनी किंमत दहा रुपये. तुमच्याकडे २०,००० म्हणजे २० टक्के. कंपनीची आजची खरी किंमत दीड कोटी धरा. तुमचा वाटा झाला ३० लाख.

आता बोर्ड म्हणतं, कंपनीला पैसा हवाय, दोन लाख नवे शेअर काढू, भाव दहा रुपयेच. कलम ६२ प्रमाणे ते आधी सध्याच्या भागधारकांना हिश्शाच्या प्रमाणात द्यावे लागतात. म्हणजे तुम्हाला ४०,००० शेअरची ऑफर येणार, चार लाख भरा. पगार बंद असलेला माणूस चार लाख कुठून आणणार? तुम्ही गप्प बसलात आणि तुमच्या वाट्याचे शेअरही बाकीच्यांनी घेतले. आता कंपनीची किंमत एक कोटी सत्तर लाख आणि शेअर तीन लाख. तुमचे २०,००० म्हणजे ६.६७ टक्के, किंमत सुमारे ११ लाख ३३ हजार. तुमचा एकही शेअर कोणी घेतला नाही, तरी जवळपास १९ लाख रुपये खिशातून गेले.

म्हणून शेअरच्या ऑफरचं पत्र कधीही ड्रॉवरमध्ये टाकू नका. उत्तराला दिवस मोजकेच मिळतात. पैसे उभे करता येत असतील तर "आक्षेप कायम ठेवून" असं लिहून शेअर घ्या. येत नसतील तर लेखी विचारा: पैसा नेमका कशासाठी हवा? बँकेचं कर्ज का नको? भाव दहाच का, मूल्यांकन कुठे आहे? हा पत्रव्यवहार पुढे सोन्याच्या भावाने कामाला येतो. भांडवल वाढवण्यामागे कंपनीची गरज होती की कोणाला तरी खाली ढकलायचा हेतू, हाच प्रश्न न्यायाधिकरण विचारतं. डेल अँड कॅरिंग्टन या कंपनीच्या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: केवळ ताबा मिळवण्यासाठी संचालकाने स्वतःलाच शेअर वाटून घेणं हा विश्वासाचा भंग आहे. ती वाटणी टिकली नाही.

कलम २४१ चा अर्ज

कंपनीचा कारभार तुमच्यावर जुलूम होईल असा किंवा कंपनीच्याच नुकसानीचा चालला असेल, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, कलम २४१ खाली अर्ज करता येतो. महाराष्ट्रातल्या कंपन्यांसाठी मुंबई खंडपीठ. अर्ज कोण करू शकतो? काढलेल्या भागभांडवलाच्या किमान १० टक्के हिस्सा असलेला, किंवा १०० सभासद अथवा एकूण सभासदांचा दहावा भाग यातलं जे कमी असेल तेवढे सभासद. आता गंमत बघा. तुमच्या कंपनीत तीनच सभासद असतील तर तुम्ही एकटेच दहाव्या भागापेक्षा जास्त झालात! दहा सभासदांपर्यंत हे गणित चालतं. म्हणजे हिस्सा सहा टक्क्यांवर ढकलला गेला तरी लहान कंपनीत हा दरवाजा उघडा राहतो.

ज्यांच्या कंपनीत गुंतवणूकदार आलेत आणि त्यांच्याकडे प्रेफरन्स शेअर आहेत, त्यांनी जरा जास्त लक्ष द्या. टाटा सन्सच्या वादात मिस्त्री कुटुंबाच्या कंपन्यांकडे साधारण १८ टक्के इक्विटी होती. पण प्रेफरन्स भांडवल धरून मोजल्यावर तो हिस्सा दोन-सव्वादोन टक्क्यांवर आला, आणि एनसीएलटीने सुरुवातीला अर्ज दाखलच होऊ शकत नाही असं म्हटलं. मग अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये ही अट शिथिल केली तेव्हा गाडी पुढे गेली. कायद्यात अशी सवलत मागायची सोय आहे, पण त्यात महिने जातात.

त्याच वादाचा शेवट छोट्या मालकांनी जास्त नीट वाचावा. ऑक्टोबर २०१६ मध्ये सायरस मिस्त्रींना अध्यक्षपदावरून काढलं गेलं. जुलै २०१८ मध्ये एनसीएलटीने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला, डिसेंबर २०१९ मध्ये अपिलात ते जिंकले, आणि २६ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने टाटा सन्सच्या बाजूने निकाल दिला. पदावरून दूर करणं म्हणजे आपोआप जुलूम नव्हे, आणि कमी हिश्शाच्या मालकाला प्रमाणात बोर्डावर जागा मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला नाही, असा त्याचा सूर होता. हिस्सा विकून वेगळं होण्याचा आणि मूल्यांकनाचा प्रश्न कोर्टाने स्वतः सोडवला नाही, तो दोन्ही बाजूंवर सोडला. एवढे पैसे, एवढे मोठे वकील, साडेचार वर्षं, आणि "माझ्या हिश्शाचे किती" हा प्रश्न जागच्या जागी. तेव्हा "मला संचालकपदावरून काढलं" एवढ्याच मुद्द्यावर अर्ज टाकायला कोणी सांगत असेल तर दुसऱ्या वकिलाचं मत घ्या. कौटुंबिक किंवा मित्रांच्या कंपनीत, जिथे सगळे मिळून काम करणार हाच पाया होता, तिथे वजन थोडं वेगळं पडतं, पण तो पाया कागदावर दाखवावा लागतो.

मग काय टिकतं? सभेची नोटीस न देता केलेले ठराव. खोट्या सह्यांची इतिवृत्तं. चुकीच्या हेतूने काढलेले शेअर. कंपनीचा नफा भागीदाराच्या बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या फर्मकडे वळवणं. हिशोब लपवणं. अशी गोष्ट सिद्ध झाली तर कलम २४२ खाली न्यायाधिकरणाला फार रुंद अधिकार आहेत: व्यवहार रद्द करणं, कारभार कसा चालवायचा ते ठरवणं, आणि आपल्या विषयाचं म्हणजे एका सभासदाचे शेअर दुसऱ्याने किंवा कंपनीने विकत घ्यावेत असा आदेश देणं. योग्य भावाचा रस्ता शेवटी इथूनच जातो. अर्जासोबत अंतरिम आदेश जरूर मागा: शेअरची आहे ती स्थिती कायम ठेवा, मालमत्ता विकू नका. बरेच वाद याच टप्प्यावर मिटतात. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला ४५ दिवस.

शेअरहोल्डर करारात लवादाचं कलम असेल तर? कराराच्या भंगाचा वाद लवादाकडे जातो. जुलूम आणि गैरकारभाराचा खरा अर्ज लवादाकडे पाठवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. पण कराराच्या भांडणालाच जुलुमाचा मुखवटा चढवला असेल तर तो काढून लवादाकडे धाडलं जाऊ शकतं, हेही त्याच निकालात आहे. आणि करारातल्या शेअर विक्रीच्या अटी कंपनीच्या नियमावलीतही घालून घ्या. नियमावलीत नसलेलं बंधन कंपनीवर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने व्ही. बी. रंगराज खटल्यात म्हटलेलं आहे.

पोलीस तक्रारीबद्दल माझं मत सांगतो. खोटी सही, पैशाची अफरातफर असं खरंच घडलं असेल तर तक्रार करा. पण भाव वाढवून घ्यायला एफआयआर करू नका. दिवाणी भांडणाला फौजदारी रंग देण्यावर सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नाराजी दाखवली आहे, आणि एफआयआरनंतर बोलणी संपतात ती संपतातच.

रागाच्या भरात होणाऱ्या तीन गोष्टी

पहिली: "मी आता त्यांच्या मीटिंगला जाणारच नाही." बारा महिने एकाही बोर्ड मीटिंगला हजर नसाल तर कलम १६७ प्रमाणे तुमचं संचालकपद आपोआप जातं. रजा घेतली होती हेही चालत नाही. त्यांना तुम्हाला काढायची गरजच उरत नाही. संचालकाला काढायचं तर सर्वसाधारण सभेत ठराव, विशेष सूचना आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी लागते. तो त्रास तुम्ही स्वतः वाचवून देता.

दुसरी: राजीनामा फेकून येणं. संचालकपद सोडलं की हिशोब आतून बघण्याचा मार्ग बंद. सभासद म्हणून वार्षिक ताळेबंद, सभासदांची नोंदवही आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं बघता येतात, पण बोर्डाचे कागद आणि रोजची पुस्तकं नाहीत. वाद दिसायला लागला की आधी एमसीए पोर्टलवरून कंपनीचे दाखल झालेले फॉर्म उतरवून घ्या. नवे शेअर कोणाला गेले ते पीएएस-३ मध्ये दिसतं, संचालक बदल डीआयआर-१२ मध्ये. कोरा एसएच-४, म्हणजे शेअर हस्तांतराचा फॉर्म, सही करून कोणाकडेही ठेवू नका, सख्ख्या भावाकडेही नाही.

तिसरी सगळ्यात महाग: शेअर विकले, पैसे घेतले, आणि बँकेची वैयक्तिक हमी तशीच राहिली. कंपनी सोडल्याने हमी सुटत नाही. तुम्ही बाहेर पडल्यावर त्यांनी कर्ज थकवलं तर बँक तुमच्या दारात येणार. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते, पण आधीची देणी राहतातच, आणि बँकेच्या छापील हमीपत्रात काय लिहिलंय तेही बघावं लागतं. म्हणून बँकेचं लेखी मुक्तीपत्र हातात पडल्याशिवाय हस्तांतराच्या फॉर्मवर सही नाही. इथे अजिबात भिडस्तपणा करू नका.

भाव कसा मागायचा

चार लाखांचा आकडा सहसा भांडवलावरून किंवा ताळेबंदातल्या पुस्तकी किमतीवरून आलेला असतो. ताळेबंदात एमआयडीसीचा प्लॉट दहा वर्षांपूर्वीच्या किमतीला असतो, मशीन घसारा जाऊन जवळपास शून्यावर, आणि ब्रँड तर लिहिलेलाच नसतो. नोंदणीकृत व्हॅल्यूअरकडून स्वतःचा अंदाज काढून घ्या. खर्च होतो, पण तो आकडा हातात नसेल तर तुम्ही समोरच्याच्या आकड्यावर घासाघीस करत बसता. व्हॅल्यूअरला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: मालमत्ता आजच्या किमतीला धरली का, नातेवाइकांच्या फर्मला दिलेला जादा खर्च नफ्यात परत मिळवला का, आणि मूल्यांकनाची तारीख कोणती? त्यांनी धंदा मुद्दाम मंद केला असेल तर वाद सुरू होण्यापूर्वीची तारीख मागा.

"तुझा हिस्सा छोटा, त्याला ताबा नाही, म्हणून तीस टक्के कमी" असा युक्तिवाद येतो. बाहेरचा कोणी शेअर घेत असेल तर त्यात तथ्य आहे. पण घेणारा आधीच बहुमतात आहे, तुमचे शेअर घेऊन त्याचं शंभर टक्के होणार आहे, आणि तुम्ही विकायला निघालेलाही नव्हतात. ही सूट का द्यायची, हे त्याला विचारा.

कधी कधी साधा जुना उपाय सुचवला जातो, वाटणीत भावांनी करावा तसा: एकाने भाकरी मोडायची, दुसऱ्याने आधी उचलायची. एक जण शेअरचा भाव सांगतो, दुसरा त्या भावाने विकत घेतो किंवा विकतो. दोघांकडे पैसा सारखा असेल तर फार छान. पण तुमच्याकडे विकत घ्यायला पैसाच नाही हे त्याला माहीत असेल तर तो मुद्दाम कमी भाव सांगेल. हे कलम करारात असेल तर पैसे उभे करायला किमान नव्वद दिवस मिळतील असं लिहून घ्या.

तडजोड ठरलीच तर पैसे हप्त्यांनी देत असतील तर शेअरही हप्त्यांनीच हस्तांतरित करा. टीडीएस, जीएसटी, पीएफ यांची जुनी थकबाकी कोण भरणार ते लिहा. ठरलेला भाव आयकराच्या नियमाने काढलेल्या रास्त किमतीपेक्षा कमी असेल तर कर त्या रास्त किमतीवर मोजला जाऊ शकतो, म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर. सही करण्याआधी सीएकडून हा आकडा काढून घ्या. "पाच वर्षं हाच धंदा करणार नाही" असं कलम मसुद्यात बहुतेक वेळा असतंच. त्याचा काळ, गाव आणि माल तिन्ही मर्यादित करून घ्या, नाहीतर हातातलं एकमेव कौशल्यही विकल्यासारखं होईल.

व्हॅल्युएशन रिपोर्ट ओळ न् ओळ कसा वाचायचा, ते पुढच्या व्हिडिओत घेऊ. तोपर्यंत कपाटातून पार्टनरशिप डीड, एलएलपी करार किंवा कंपनीची नियमावली, जे असेल ते बाहेर काढून ठेवा.